चहावरचा भाव आणि खतावरचा भाव

सेलू, सोमवार, १४ जुलै २०२५

चि. सौ. राजेश्री हीस,
बन्सीधरचा आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, याची तक्रार नाही. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर निदान खोडता येतं. सत्तावीस वर्षं रजिस्ट्री ऑफिससमोर बसून लोकांची खरेदीखतं आणि वाटणीपत्रं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या सुनेला पत्र लिहायला चार महिने बारा दिवस लागले, एवढं कबूल करतो. बाकीचं कबूल करायला हे पत्र नाही.

विषय २ मार्चचा. देवगाव फाट्यावर भुजंगरावांच्या लेआउटचं पूजन होतं. चार एकर, बिगरशेती (एनए) झालेलं, मोजणी झालेली, रस्ते नऊ मीटरचे. कागदात खोट नाही, कारण कागद मी बघितलेत. त्या लेआउटचा दलाल मीच आणि खतं लिहिणाराही मीच. तुझ्या सासूबाईंची थोरली बहीण सरजाबाई, हिची एकरभर जमीन रस्त्यात गेली आणि चौदा लाख मावेजा आला. तिनं नऊ नंबरचा तीस बाय पन्नासचा प्लॉट धरला. भाव नऊशे रुपये फूट, म्हणजे साडेतेरा लाख. इसार एक लाख, खत दसऱ्यापर्यंत. तीन वर्षांत तिप्पट, असं मी लेआउटच्या बोर्डावर लिहिलं होतं आणि मंडपातही तेच सांगितलं. तोवर तिची नात भक्ती बारावी होईल, प्लॉट विकून तिची नर्सिंगची फी भरायची, उरेल त्यात घर.

यावर तू उठलीस. पन्नास माणसांत म्हणालीस, "मावशी, तीन वर्षांनी तिप्पट होईल म्हणून फी ठेवू नका. होईलबी कदाचित. पण फी त्याच सालात लागायलीय, आणि प्लॉट त्याच सालात विकेल असं कुणी लिहून देत न्हाई."

मी जरा मोठ्यानं बोललो. आठवड्यात आमच्या हरिओमनं आणि तू परभणीला बिऱ्हाड केलं.

जाताना तू लेआउटच्या जाहिरातीच्या कागदामागं केलेला हिशेब माझ्या हातात दिला होतास. फाडणार होतो, खिशात राहिला. आठ ओळी आहेत. अक्षर स्वच्छ, आकडे एकाखाली एक, खाडाखोड नाही. मुद्रांक, नोंदणी, दोन्ही वेळची दलाली, तारेचं कंपाउंड, गिऱ्हाईक मिळेपर्यंतचे महिने, सगळं धरलंस. ग्रामपंचायतीची घरपट्टी विसरलीस. मोकळ्या प्लॉटलाही लागते. ही चूक मी दाखवली नाही तर कोण दाखवणार?

पण तुझा शेवटचा आकडा मला मान्य नाही. तू लिहिलंस, तीन वर्षांत मुद्दल सुटलं तरी नशीब. माझ्याकडे २०१४ पासून मी लिहिलेल्या प्रत्येक खताची प्रत आहे. शिवाय खतावर काहीही आकडा असो, ठरलेला खरा भाव मी माझ्या डायरीत त्याच दिवशी टिपतो. ही सवय मला कुणी लावली नाही. दहावी नापास माणूस आहे मी. टायपिंग दुसऱ्याच्या मशीनवर शिकलो, जुनं हैदराबादी रेकॉर्ड वाचता यावं म्हणून एका म्हाताऱ्या मुन्शीच्या ओट्यावर बसून उर्दू अक्षरं शिकलो. माझा एकही दस्त आजवर चुकीसाठी परत आलेला नाही. तेव्हा या अकरा वर्षांच्या कागदांवरून सिद्ध करून दाखवतो की भाव कसा वाढतो.

प्लॉट चांगले चाललेत.

बन्सीधर


सेलू, रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजेश्री हीस,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

पेट्या उघडल्या. एकीत उंदरांनी घर केलं होतं. २०१७ ची चार खतं गेली, बाकी शाबूत. फाटा, पाथरी रोड आणि सेलूच्या आजूबाजूचे मिळून सहाशे चाळीस प्लॉट मी विकून दिलेत. तीन वर्षांत परत विकले गेले असे किती असतील? मी मनाशी तीनशे धरले होते. निघाले अठ्ठावन्न.

दोनदा मोजले. तुझ्या सासूबाईंना मोजायला लावले. त्याही अठ्ठावन्नच म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, "आकडा बदलंल म्हणून मला बशिवलं का?"

या अठ्ठावन्नात दुप्पट किंवा जास्त झाले चार. तिप्पट एकही नाही. थोडाफार फायदा एकतीस जणांना. तेवीस जण मुद्दलात किंवा मुद्दलाखाली. आणि गिऱ्हाईक मिळायला सरासरी चौदा महिने. यादी सोबत जोडली आहे. प्लॉट नंबर, फूट, घेतलेला भाव, विकलेला भाव, महिने, असे पाच रकाने.

मग प्रश्न असा की तिप्पट हा आकडा माझ्या तोंडात आला कुठून. मी खोटं बोलत नव्हतो. तीन रात्री विचार करून सापडलं ते सांगतो, तुला आधीच माहीत असेल.

आपल्याकडे माणूस प्लॉट घेतो म्हणजे इसार देतो. हजार-लाख हातावर ठेवायचे, सहा महिन्यांची मुदत लिहून घ्यायची. मुदत संपायच्या आत दुसऱ्याला जास्त भावानं तीच इसारपावती द्यायची आणि मधला फायदा घेऊन बाजूला व्हायचं. फाट्यावरच्या जुन्या लेआउटमधला सतरा नंबर बघ. पाचशेनं इसार झाला, मग साडेसहाशेनं, मग आठशेनं, मग नऊशेनं. चार माणसं, चार पावत्या, चारी मी लिहिलेल्या. खत एकाचंही नाही. चौथा माणूस आजही पावती घेऊन फिरतोय, कारण पूर्ण पैसे देऊन खत करून घेणारा पाचवा आलाच नाही. पण फाट्यावर चहा पिताना सगळे म्हणतात, सतरा नंबर नऊशेनं गेला. मीही म्हणायचो. तो गेलेलाच नाही.

चहावरचा भाव वेगळा आणि खतावरचा वेगळा. दोन्ही माझ्याच हाताखालून जायचे आणि मी पहिलाच खरा धरून बसलो. शेजारच्या लेआउटमध्ये मे महिन्यात शेवटचं खत झालं ते सहाशे वीसनं.

मान्य करतो की तू हे आठ ओळींत ओळखलंस. मला दोन पेट्या लागल्या.

तरी यादीतले एकतीस अधिक चार जण फायद्यात आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. हे विसरू नये.

बन्सीधर


सेलू, रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजेश्री हीस,

तुझा लिफाफा मिळाला. आत पत्र नाही, माझीच यादी परत, खाली लाल पेनानं एक ओळ: "मामा, ही विकली गेलेल्यांची यादी आहे. ज्यांना विकायचं होतं पण गिऱ्हाईक मिळालं नाही, त्यांची कुठं आहे?"

पहिला दिवस मी रागात घालवला. खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी गाडीला किक मारली.

अकरा दिवस फिरलो. फोन करून लोक खरं सांगत नाहीत, दारात उभं राहिलं की सांगतात. विकायला काढून तीन वर्षांत न विकलेले एकाहत्तर प्लॉट निघाले. पाथरीचे पंडित गुरुजी तुला माहीत नसतील. रिटायर झाल्यावर फंडातून माझ्याकडून पाथरी रोडला दोन प्लॉट घेतले होते, मुलीच्या लग्नासाठी. लग्न कर्ज काढून झालं. प्लॉट आहेत तिथंच आहेत, त्यांत ते तूर लावतात.

मला बघून म्हणाले, "या बन्सीधर. गिऱ्हाईक आणलं का?"

म्हटलं, "न्हाई गुरुजी, चौकशीला आलो."

"सहा वर्षांनी चौकशी. बस. तू तिप्पट म्हणला होता, आठवतं का? मी तिप्पट मागत न्हाई बाबा. एकपट दे."

चहा पाजला त्यांनी मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अठ्ठावन्नात एकाहत्तर मिळव आणि बघ. विकायचं म्हटल्यावर तीन वर्षांत फायद्यानं विकू शकला असा चारांत एक. तुझी लाल ओळ नसती तर मी "निम्म्याहून जास्त" हाच आकडा अभिमानानं सांगत हिंडलो असतो. मी रकाने पाच केले, पण जे रकान्यात येऊच शकत नाहीत ते मला दिसले नाहीत. तुला कागद हातात घेतल्याबरोबर दिसले. हे कुठं शिकलीस ते शोधायला मी शुक्रवारी परभणीला आलो होतो.

हरिओमला सांगू नकोस. तुमच्या पतसंस्थेत बाकावर बसलो, तोंडापुढं पेपर धरून. तुझ्या टेबलाशी पेडगावचा एक म्हातारा होता, प्लॉट तारण ठेवून कर्ज मागत होता. तुमचं बोलणं मी जसंच्या तसं उतरवतो, चुकलं तर सांग.

तू म्हणालीस, "काका, प्लॉट कितीचा म्हणता?"

"बारा लाखाचा."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणायलेत."

"त्या सगळ्यांतला एक तरी उद्या बारा लाख घेऊन येईल का?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "उद्या न्हाई."

"दिवाळीला?"

"दिवाळीला सगळ्यांचाच खर्च असतोय."

"मग मी पाच धरते. तुमच्या प्लॉटला नावं ठेवायली न्हाई मी. तुमाला हप्ता झेपला पायजे आन् प्लॉट तुमच्यापाशीच ऱ्हायला पायजे."

"बाई, तुमी लय कंजूष हाव."

"कंजूष हाय म्हणून तर मागल्या साली तुमचं घर वाचलं." यावर तोही हसला आणि तूही. सही करून गेला.

उद्या बारा लाख घेऊन कोण येईल, हा प्रश्न मी सत्तावीस वर्षांत एकाही माणसाला विचारला नाही. स्वतःलाही नाही. लोकांना उमेद देणं म्हणजे धंदा, असं समजत होतो. त्या म्हाताऱ्याचे तू बारातले सात कापलेस आणि तो तुझ्यावर खूश होऊन गेला, हे बघून मला वाटलं की मी चुकीच्या ओट्यांवर बसून शिकलो.

तुझ्यापुढं यायचं धाडस झालं नाही. एसटी होती साडेचारची.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की जरा मोठ्यानं बोललो. ते पुरं नाही. दस्तात अर्धवट मजकूर चालत नाही, म्हणून लिहितो. मी म्हणालो होतो, "पतसंस्थेत दुसऱ्याचे कागद सरकवणाऱ्या बाईनं मला भाव शिकवू नये." भुजंगराव हसले, मग मंडप हसला. तू हसणाऱ्यांकडे बघितलं नाहीस, फक्त मावशीकडे बघितलंस. तुला तुझी पडलेली नव्हती, भक्तीची पडली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि कळूनही मी खाली बसलो नाही.

आणखी एक. प्लॉट चांगले चाललेत असं लिहिलं होतं. बेचाळीसपैकी सहा गेलेत, तेही इसारावर.

मला कुणी शिकवलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो. यापुढं एक नाव वगळून सांगावं लागेल.

बन्सीधर


सेलू, रविवार, २१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. राजेश्री हीस,

आज सर्वपित्री. पंधरवडाभर एकही खरेदी नाही, त्यामुळे फुरसत होती. काल सरजाबाईकडे गेलो. भक्ती शाळेतून आली होती, तिलाही बसवलं. फी तिचीच आहे.

तुझा आठ ओळींचा हिशेब, माझी यादी आणि एकाहत्तर जणांची दुसरी यादी, सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, "सरजाबाई, मी तिप्पट म्हणालो होतो ते धरू नका. नऊशेनं घेतलात तर खर्च धरून साडेनऊशेच्या वर पडंल. आज विकायला गेलात तर सहाशे वीसचं गिऱ्हाईक, तेबी नशिबात असंल तर. फीच्या वेळी प्लॉट विकेल याचा भरवसा मी देऊ शकत न्हाई."

तिनं निवडत असलेल्या गव्हाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "दाजी, हे मला राजेश्रीनं मार्चमधीच सांगितलं. तुमी सप्टेंबरात सांगायलाव."

"मग इसार कशाला मोडला न्हाई तुमी?"

"इसार मोडला की बुडतोय, हे बी तुमीच सांगितलं होतं."

भक्तीनं वहीत काहीतरी मांडलं आणि विचारलं, "आजोबा, मग माझी फी बुडाली का?" मी म्हटलं, अजून नाही. एवढं बोलून तिथून थेट भुजंगरावांकडे गेलो.

त्यांना म्हटलं, सरजाबाईचा इसार परत द्या. ते सोफ्यावर मांडी घालून बसले होते. म्हणाले, "बन्सीभाऊ, तू माझा दलाल हायस का तिचा वकील?"

"मी दस्त लिहिणारा हाय. भाव नऊशे न्हाई, हे तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय."

"तिप्पटचा बोर्ड कुणी लिहिला?"

"मीच लिहिला."

"मग सुनंनं कान फुंकले म्हणून आता साधू झालास का?"

"सुनंनं कान फुंकले असते तर बरं झालं असतं. तिनं हिशेब दिला, तो मला खोडता आला न्हाई."

त्यांनी पान जुळवलं, खाल्लं. इसार परत देणार नाही, कायदा माझ्या बाजूनं आहे, म्हणाले. आहेच. पावती मीच लिहिली होती, एकही फट न ठेवता. तेव्हा मी सांगितलं की सरजाबाईच्या खताची दलाली मी सोडतो, आणि तुमच्या लेआउटचं यापुढचं प्रत्येक खत लिहिण्याआधी घेणाऱ्याला माझी डायरी वाचून दाखवीन. दोघांच्या संमतीनं लिहायचं असेल तर लिहीन, नाहीतर समोर दुसरे चार दस्तलेखक बसतात. भुजंगराव मूर्ख नाहीत. तालुक्यात लोक माझ्या हातचंच खत मागतात, हे त्यांना ठाऊक आहे. तासाभरानं म्हणाले, इसार दुसऱ्या प्लॉटवर फिरवतो. कोपऱ्यात वीस बाय तीसचा एक आहे, सहाशे पन्नासनं घ्या. वर खतासाठी दसऱ्यानंतर आठ दिवस.

हे सांगायला परत सरजाबाईकडे गेलो. वाटलं, नको म्हणेल. फक्त इसार वाचतोय म्हणून चार लाखांची वस्तू घेऊ नका, हेही मी तिला सांगितलं. तू सांगितलं असतंस म्हणून.

ती मला घेऊन फाट्यावर आली आणि त्या कोपऱ्यात उभी राहिली. पलीकडे बससाठी बाया उभ्या होत्या, डोक्यावर दळणाचे डबे. आसपास गिरणी नाही, सेलूला जावं लागतं. म्हणाली, "मला तिप्पट नको दाजी. हितं गिरणी टाकते. भाव वाढला तरी मी विकणार न्हाई, पडला तरी मला कळणार न्हाई. दळण आलं का, एवढंच बघंन."

म्हटलं, "दळणबी पयल्या सालात कमीच यील."

"कमीच धरलंय," ती म्हणाली. "भक्तीनं वहीत मांडलंय. राजेश्रीसारखं."

फीचे सहा लाख पोस्टात मुदतीवर, तीन वर्षांसाठी, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्यात चक्की, शेड आणि अडीनडी. मी आजवर एवढा बारका आणि एवढा धड हिशेब बघितलेला नाही. त्यात वाढ अशी कुठंच धरलेली नाही आणि तरीही त्यात एक मुलगी नर्स होते.

बोर्ड मी उतरवला. नवा लिहिलेला नाही. काय लिहावं सुचलं नाही.

बन्सीधर


सेलू, शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. राजेश्री हीस,

काल दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, ऑफिस बंद. खत गुरुवारी, नऊ तारखेला, सकाळी अकराला. पोस्टात पैसे मंगळवारीच भरले. पावती भक्तीपाशी आहे.

आज खताचा मसुदा सरजाबाईला वाचून दाखवला. मी प्रत्येकाला वाचून दाखवतो, सही येत असो वा अंगठा. मोबदला, चतुःसीमा, ताबा, सगळ्याला ती हूं म्हणत गेली. मग नावाशी आल्यावर मला थांबवलं.

"काय वाचलं ते? परत वाचा."

"सरजाबाई, वय एकसष्ट, व्यवसाय घरकाम."

"घरकाम कुणी सांगितलं तुमाला? चाळीस वर्षं शेती केली. आता गिरणी टाकायलेय. घरकाम तर तुमच्या घरीबी कुणीतरी करतंयच की, त्याचा पगार देताव का?"

तुझ्या सासूबाई आतून हसल्या. मी ते पुसून "शेती व गिरणी व्यवसाय" असं केलं. सत्तावीस वर्षांत हजारो बायांची नावं लिहिली असतील. नाव, वय, आणि पुढं बोट आपोआप घरकाम या शब्दावर जातं. विचारायचं असतं हेच कधी सुचलं नाही. पुरुषांना विचारतो. शेती का नोकरी का व्यापार, नीट विचारून लिहितो.

साक्षीदार दोन लागतात. दुसरा साक्षीदार पंडित गुरुजी, ते स्वतःहून येतो म्हणाले. पहिला साक्षीदार म्हणून सरजाबाईनं तुझं नाव सांगितलं. म्हणाली, "जिनं मला थांबवलं, तिनंच माझी ओळख सांगावी." मी तुझं नाव टाइप केलं. वय हरिओमला विचारलं, चौतीस. आणि पुढं बोट पुन्हा त्याच शब्दावर गेलं. सरजाबाईनं शिकवून पाच मिनिटंही झाली नव्हती.

पुसलं. पण तिथं काय लिहायचं ते मला माहीत नाही. त्या म्हाताऱ्यानं तुला बाई म्हटलं, टेबलावरची पाटी मला पेपरआडून दिसली नाही. नऊ वर्षं तू आमच्या घरात होतीस, रोज सात चाळीसच्या गाडीनं परभणीला जात होतीस, आणि तिथं जाऊन तू काय करतेस हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मंडपात तसं बोलायला माझी जीभ उचलली नसती.

घरी परत या असं मी लिहिणार नाही. परभणीचं बिऱ्हाड तुम्हाला सोयीचं आहे, हरिओमनं सांगितलं. मी फक्त खतासाठी बोलावतो आहे. येताना आधार कार्डाची मूळ प्रत आण.

बाकी सगळा दस्त तयार आहे, चारदा तपासला. तेवढा एक रकाना मोकळा ठेवलाय. कोरी जागा ठेवलेला माझा हा पहिला दस्त. गुरुवारी तू सांगशील ते, तू सांगशील त्या शब्दात, तुझ्यापुढं भरीन.

बन्सीधर